बांध कोरू नका

आमच्या गडहिंग्लज भागात दोन भावांची उसाची रानं शेजारी-शेजारी असली की बांधावरून एकदा तरी भांडण होतंच. नांगरताना दर वर्षी वीतभर बांध कोरायचा आणि मग तलाठ्याकडं खेटे घालायचे. एफडीएमए शिकवताना सरांनी फळ्यावर दोन चॅनलच्या मधे 'गार्ड बँड' काढला तेव्हा मला पहिल्यांदा हा बांधच आठवला. शेजारचा मित्र म्हणाला, "एवढी जागा फुकट कशाला घालवायची?" त्याला तेव्हा उत्तर देता आलं नाही, म्हणून हा लेख.

आजोबांच्या जुन्या रेडिओवर सांगली १२५१ वर लागायचं, धारवाड ७६५ वर. पुणे ७९२, रत्नागिरी ११४३. या आकड्यांना ९ ने भागून बघा, बाकी उरत नाही. १९७५ च्या जिनिव्हा करारात आपल्याकडच्या मध्यम लहरींसाठी दर ९ किलोहर्ट्झला एक जागा असं ठरलं होतं. ज्याचा त्याचा आकडा वेगळा, म्हणून सांगलीच्या बातम्यांत धारवाडचं कन्नड गाणं घुसत नसे. (रात्री लांबची स्टेशनं येऊन शिट्ट्या वाजायच्या, ती गोष्ट निराळी.)

जीएसएम मोबाईलमध्येही तेच. ९०० च्या पट्ट्यात जायला २५ मेगाहर्ट्झ, यायला २५. त्याचे २०० किलोहर्ट्झचे तुकडे पाडायचे आणि एकेका तुकड्यात आठ जणांनी पाळीपाळीनं बोलायचं. हिशेबानं तुकडे १२५ होतात, पुस्तकात मात्र १२४ असतात. एक कुठं गेला? कडेच्या बांधाला!

आता आपल्या हॉस्टेलचं बघू. मागच्या सेमला परीक्षेचा फॉर्म भरायच्या शेवटच्या रात्री वाय-फाय ढिम्म हलेना. सगळ्यांनी नेटवाल्याला शिव्या घातल्या. एकाला तर लेट फी पडली. मी मोबाईलवर ॲप टाकून बघितलं, तर एका मजल्यावर अकरा राऊटर! कुणी ३ वर, कुणी ४ वर, कुणी ८ वर. २.४ गिगाहर्ट्झमध्ये चॅनल ५-५ मेगाहर्ट्झवर आखलेत, पण एक राऊटर जागा खातो साधारण २० ची. म्हणजे १, ६ आणि ११ हेच काय ते एकमेकांच्या रानात शिरत नाहीत. ३ वाला १ चंही कोरतो अन् ६ चंही. दोघं १ वरच असले तर निदान एकमेकांचं ऐकून पाळी लावतात. ३ वाला म्हणजे त्यांना नुसता गोंगाट.

रेक्टर सर आता जादा स्पीडचं कनेक्शन घ्यायचं म्हणतात. माझं स्पष्ट मत आहे, त्यानं काही होणार नाही. वाट तुंबलीय ती हवेत, वायरीत नाही. मजल्याला तीनच राऊटर ठेवा, १, ६, ११ वर. वर्गणी खोलीवार काढा. नवा फोन असणाऱ्यांनी ५ गिगाहर्ट्झवर जावं, तिकडं रान मोठं आहे. अडचण एकच, स्वतःचा राऊटर बंद करायला कुणी तयार नाही. माझाही एक होता, ९ वर, हे कबूल करतो. तो काल बंद केला. समोरच्या खोलीनं अजून केलेला नाही.