‘फालतू’ भाग कापू नका!

परवा बचत गटाच्या बैठकीला आमच्या गटातल्या एक काकू भाजीची पिशवी घेऊनच आल्या. हप्ता भरून झाला, सह्या झाल्या. मग त्यांनी पिशवीतल्या मेथीच्या दोन जुड्या बाजूला ठेवल्या आणि खालून तीन व्हिडिओ कॅसेट काढल्या. म्हणाल्या, "माळ्यावर सापडल्या गं. भंगारवालासुद्धा नको म्हणाला. तुम्ही याचं काहीतरी करता म्हणे?"

सगळ्या हसलो. पण मैत्रिणींनो, खरं सांगू? २०१९ पर्यंत माझ्याही माळ्यावर अशीच एक पिशवी होती. आणि त्या पिशवीत माझी आई होती.

माझ्या ताईचं लग्न १९९६ सालचं. मी तेव्हा सोळा वर्षांची. तासगावात आमच्या दारातच मांडव पडला होता. शूटिंगवाला खांद्यावर कॅमेरा घेऊन आणि त्याचा पोऱ्या हातात हॅलोजनचा दिवा धरून दिवसभर फिरत होता. कॅसेट घरी आली तेव्हा गल्लीतल्या सगळ्या बायकांनी आमच्याकडे बसून ती पाहिली. गुलाबाच्या फुलात नवरा-नवरी, वरून सिनेमातली गाणी! पुढे व्हीसीआर बिघडला, सीडी आली, मोबाइल आला. कॅसेट माळ्यावर गेली. २००१ साली आई गेली. तेव्हा कुणाच्या खिशात मोबाइल नव्हता. आईचे फोटो आहेत, पण आवाज कुठेच नाही, असंच आम्ही धरून चाललो होतो.

मग ऑगस्ट २०१९ चा महापूर आला. सांगलीत माझ्या मावशीच्या घरात पाणी शिरलं. माणसं वाचली हेच नशीब. पाणी ओसरल्यावर आम्ही चिखल काढायला गेलो, तर कपाटाच्या खालच्या कप्प्यातले अल्बम लगदा झालेले आणि कॅसेटमधून गढूळ पाणी गळत होतं. त्यात ताईच्या लग्नाची दुसरी प्रतही होती. परत येताना एसटीत माझ्या मनात एकच विचार. आता फक्त आपल्या माळ्यावरची उरली.

त्याच दिवाळीत मी ती कॅसेट एका दुकानात नेली. दुकानदार म्हणाला, "सहाशे रुपये होतील ताई. तीन तासांची आहे, कोण बघतंय एवढं? फालतू भाग काढून पाऊण तासाची मस्त करून देतो. नवीन गाणी टाकतो." मला बरंच वाटलं. हो म्हणून बसले.

पेनड्राइव्ह घरी आणून टीव्हीला लावला. मंगलाष्टका होत्या, सप्तपदी होती, सोयऱ्यांना बांधलेले फेटे होते, टॉवेल-टोपीचा आहेर होता. गावच्या पुढाऱ्यांचा सत्कार तर अगदी सावकाश, एकेक नारळ दिसेल असा! आई मात्र फक्त दोनदा दिसली. एकदा विहिणीची ओटी भरताना आणि एकदा ताईला निरोप देताना, तीही पाठमोरी.

मला रात्रभर झोप लागली नाही. कॅसेट मी आठवणीने परत मागून आणली होती, तेवढं एक शहाणपण. शेजारच्या गावात एका केबलवाल्याकडे जुना व्हीसीआर चालू होता. त्याच्या घरी बसून पूर्ण तीन तास पाहिली. दुसऱ्या तासात शूटिंगवाला मांडवामागे चुलींकडे गेलाय. अंधुक उजेड, धूर, काही धड दिसत नाही. एक गाणं संपलंय आणि दुसरं अजून सुरू झालेलं नाही, अशा मधल्या जागेत आई पदर खोचून उभी आहे आणि आचाऱ्याला विचारतेय, "वरणात मीठ पडलंय का? आणि वाढप्या पोरांना आधी दोन घास द्या हो, सकाळपासून उपाशी आहेत."

बस, एवढंच. मी मोजलं, अकरा सेकंद आहेत. माझ्या आईचा जगात शिल्लक असलेला आवाज तेवढाच आहे, आणि दुकानदाराने तो ‘फालतू’ म्हणून कापला होता.

त्याचा दोष मी काढत नाही. मीच हो म्हटलं होतं. पण तेव्हापासून माझं एक मत पक्कं झालंय. आपल्या आया, आज्या, काकवा, आत्या या सगळ्या जणी त्या कॅसेटमध्ये ‘फालतू’ भागातच आहेत. त्या काळी कॅमेरा स्टेजकडे असायचा, मानाच्या माणसांकडे असायचा. बायका दिसायच्या त्या चुकून. पंगतीत वाढताना, रुखवत मांडताना, रडणाऱ्या पोराला काखेत घेऊन कडेने जाताना. कापाकापी करायला बसलं की पहिली कात्री त्यांच्यावरच चालते. म्हणून कॅसेट उतरवायची ती पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत, आहे तशी. छोटी, सुंदर आवृत्ती हवी तर नंतर खुशाल करा. आधी मूळ जपा.

आणि हे लवकर करायला हवं. कॅसेटमधली फीत म्हणजे प्लॅस्टिकच्या पट्टीवर चिकटवलेली लोखंडाच्या ऑक्साइडची भुकटी. दमट हवेत ते चिकटवण सैल होतं, फितीला बुरशी लागते. पत्र्याखालच्या माळ्यावरची उष्णता वेगळीच. शिवाय फीत टिकली तरी ती चालवणार कशावर? व्हीसीआर बनवणारी जपानमधली शेवटची कंपनी, फुनाई, तिनेही जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. २०१९ मध्ये युनेस्कोने आणि ध्वनिचित्र संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने चुंबकीय फितींबद्दल जगाला सावध केलं होतं, की २०२५ च्या पुढे या फिती वाचणारी यंत्रं मिळणं फार कठीण होईल. म्हणजे हातात वेळ फार नाही.

"पण एवढा पैसा कुठून आणायचा?" हा प्रश्न आमच्या गटातही आलाच. २०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही हिशोब मांडला. अकरा जणींच्या मिळून चौतीस कॅसेट निघाल्या. दुकानात सहाशेच्या भावाने वीस हजार चारशे झाले असते. आम्ही काय केलं? त्याच केबलवाल्याचा जुना व्हीसीआर अडीच हजारांना घेतला. मेकॅनिककडून त्याचं हेड साफ करून घेतलं, रबरी पट्टा बदलला, त्याचे सातशे. व्हीसीआर आणि कॉम्प्युटर यांना जोडणारं यूएसबीचं एक छोटं यंत्र येतं, त्याला व्हिडिओ कॅप्चर कार्ड म्हणतात, ते नऊशेला पडलं. वायरी दीडशेच्या. एक हार्ड डिस्क चार हजारांची. लॅपटॉप माझ्या भाच्याचा. एकूण आठ हजार दोनशे पन्नास, म्हणजे प्रत्येकीला साडेसातशे. कॅसेटमागे साधारण अडीचशेत काम झालं, आणि व्हीसीआर अजून गटाकडे आहे तो वेगळाच.

काम अवघड नाही, चिकाटीचं आहे. आम्ही चुकत चुकत जे शिकलो ते सांगते.

आधी कॅसेटच्या खिडकीतून आत बघा. फितीवर पांढरी पावडर दिसली तर ती बुरशी. ती कॅसेट अजिबात लावू नका. व्हीसीआरचं हेड खराब होतं आणि पुढच्या सगळ्या कॅसेटना त्रास होतो. ती वेगळी ठेवा आणि जाणकाराला दाखवा.

कॅसेटच्या कडेला प्लॅस्टिकची एक छोटी टिकली असते, ती तोडून टाका. मग तिच्यावर चुकूनही दुसरं काही रेकॉर्ड होत नाही. आमच्या एका मैत्रिणीच्या मुलीच्या बारशावर तिच्या दिराने क्रिकेटची मॅच उतरवली होती! पाळणा म्हणायला सुरुवात होते आणि एकदम फलंदाज दिसतो.

पहिल्यांदा एखादी सिनेमाची जुनी कॅसेट लावून यंत्र तपासा. ते फीत खात नाही याची खात्री झाली की मगच घरची लावा. ती आधी एकदा पुढे शेवटपर्यंत आणि पुन्हा मागे फिरवा, म्हणजे चिकटलेली फीत मोकळी होते.

वायरींमध्ये पिवळी चित्राची, पांढरी आणि लाल आवाजाची. कॉम्प्युटरवर ओबीएस स्टुडिओ नावाचा प्रोग्रॅम फुकट मिळतो. चित्र काळं-पांढरं किंवा हलतं दिसलं तर सेटिंगमध्ये ‘पाल’ निवडलंय का ते बघा, आपल्याकडची पद्धत ती. आणि चित्र ताणून रुंद करू नका, सगळ्यांचे चेहरे सुजल्यासारखे दिसतात.

तीन तासांची कॅसेट उतरायला तीन तासच लागतात, त्याला आडमार्ग नाही. आम्ही सकाळी स्वयंपाकाच्या वेळी लावायचो. पोळ्या होईपर्यंत वरात यायची. चांगल्या प्रतीचं रेकॉर्डिंग तासाला साधारण दोन जीबी जागा घेतं, म्हणजे चौसष्ट जीबीच्या पेनड्राइव्हवर दहाएक कॅसेट बसतात.

ज्यांच्याकडे हँडीकॅमच्या छोट्या कॅसेट आहेत त्यांनी जुना कॅमेरा टाकू नका. तो चालत असेल तर त्याचीच वायर त्याच यंत्राला जोडता येते. आणि ज्यांनी २००४-०५ च्या सुमारास सीडी करून घेतल्या त्यांनीही निर्धास्त राहू नका. त्या सीडीही खराब होतात. आजच कॉपी करा.

एकच प्रत कधीही ठेवू नका. एक घरी, एक दुसऱ्या गावातल्या बहिणीकडे किंवा मुलीकडे, आणि सर्वांत महत्त्वाची तेवढी इंटरनेटवरच्या खात्यात. मावशीचं आणि आमचं घर एकाच पुरात सापडलं असतं तर? व्हॉट्सॲपवर साधा व्हिडिओ म्हणून पाठवलं की दर्जा घसरतो, म्हणून पाठवायचंच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. आणि काम झालं तरी मूळ कॅसेट फेकू नका.

आणखी एक. म्हाताऱ्या माणसांना शेजारी बसवून बघा आणि कोण कोण आहे ते वहीत लिहून घ्या. आमच्या गटातल्या एकीची आजेसासू ब्याऐंशी वर्षांची. तिने पंगतीतल्या एकोणतीस बायका नावानिशी ओळखल्या. कुणाची कोण, कुठे दिली, कधी गेली, सगळं. आज ती नसती तर ते एकोणतीस चेहरे नुसते चेहरे राहिले असते.

हे सगळं करताना एक गोष्ट मात्र मी शिकले. चौतीस निघाल्या, पण आम्ही उतरवल्या तेहेतीस. एक कॅसेट तिच्या मालकिणीने परत घेतली. ज्या घरात तिला फार सोसावं लागलं त्या घरच्या लग्नाची ती होती. म्हणाली, "राहू दे ताई. मला नाही बघायचंय. टाकायचीही नाही." मी काही बोलले नाही. साडेसातशे तिनेही भरले होते, ते परत देऊ केले तर घेतले नाहीत. कुणाचं काय उतरवायचं आणि कुणाला दाखवायचं हे जिचं तिने ठरवावं. म्हणूनच दुसऱ्याच्या घरचं लग्न न विचारता ग्रुपवर टाकण्याचा उत्साहही जरा आवरायला हवा.

काही जणी म्हणतात, "मेलेल्या माणसांना असं उकरून काय मिळतं? नुसतं रडू येतं." येतं की. ताईला मी ती अकरा सेकंदं फोनवर ऐकवली तेव्हा ती बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "अगं, मीपण परवा आमच्याकडे वाढप्यांना आधी जेवायला बसवलं. सासूबाई म्हणाल्या, हे कुठलं खूळ? मला तरी कुठे माहीत होतं!"

आता माझ्या मुलीलाही माहीत आहे. तिने आजीला पाहिलेलं नाही, पण वरणात मीठ पडलंय का हे ती आजीच्या आवाजात विचारते आणि आम्ही हसतो.

तेव्हा मैत्रिणींनो, या रविवारी जाळी-जळमटं काढायला माळ्यावर चढाल तेव्हा ती पिशवी खाली घ्या. कॅसेटवरची धूळ कोरड्या फडक्याने पुसा, त्या उभ्या ठेवा, वर नाव आणि साल लिहा. चार-सहा जणी मिळून यंत्र मिळवा. आणि दुकानात द्यायचीच वेळ आली, तर काउंटरवरच ठणकावून सांगा, "दादा, एक मिनिटही कापायचं नाही. आणि कॅसेट परत पाहिजे."