कुलुपाआडची पुस्तके

‘हल्लीची मुले वाचत नाहीत’ अशी तक्रार प्रत्येक स्नेहसंमेलनात ऐकू येते. दोष अर्थातच आम्हा विद्यार्थ्यांच्या माथी येतो. तो काही अंशी खराही आहे. बारावीपर्यंत क्रमिक पुस्तक आणि गाईड यांपलीकडे मीही काही वाचले नव्हते. परंतु प्रश्न एवढ्यावर संपतो असे मला वाटत नाही.

मी नांदूरघाटचा. आमच्या केज तालुक्यातील कितीतरी कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. आमचेही त्यांतलेच. अशा घरात पुस्तक म्हणजे परीक्षेपुरती वस्तू. गेल्या वर्षी मराठीच्या सरांनी भास्कर चंदनशिव यांची ‘लाल चिखल’ ही कथा वाचायला दिली. बाजारात टोमॅटोला भाव मिळत नाही आणि बाप आपल्याच मालाचा पायांनी चिखल करतो. ती मी वडिलांना वाचून दाखवली. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “लिहिणाऱ्यानं बाजार बघितलाय.” साहित्यात आपलेही घर असते, हे मला त्या दिवशी कळले.

आपल्या शेजारचे अंबाजोगाई हे मुकुंदराजांचे आणि दासोपंतांचे गाव. ‘विवेकसिंधु’ शके १११० मधला, असे परंपरा सांगते. दासोपंतांनी सुमारे ४० फूट लांबीच्या पासोडीवर ‘पंचीकरण’ लिहिले. १९८३ साली तेथे व्यंकटेश माडगूळकरांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय साहित्य संमेलन भरले. हा वारसा आपण भाषणात अभिमानाने सांगतो. पण ‘विवेकसिंधु’ उघडून पाहिलेले आपल्यात किती निघतील? निजामी राजवटीत उर्दूचे वर्चस्व असताना मराठवाड्यातील वाचनालये ही जागृतीची केंद्रे होती. आज तेवढी अडचण नाही. १९६७ पासून महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे. मग अडते कोठे?

अडते ते कुलुपापाशी. एका ग्रंथालयात मी कथासंग्रह मागितला, तेव्हा “अभ्यासक्रमात आहे का?” असा प्रश्न आला. पुस्तक शेवटी मिळाले, पण आठ दिवसांच्या बोलीवर. दिवाळीच्या सुट्टीत मी आईवडिलांकडे फडावर गेलो, परतायला उशीर झाला आणि दंड भरला. दंडाची रक्कम थोडी होती. परंतु त्यानंतर माझ्या एका मित्राने पुस्तक नेणेच सोडले.

माझ्या मते उपाय फार खर्चाचे नाहीत. कपाटे उघडी ठेवावीत. पुस्तक हाताळल्यावाचून ओढ लागत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतील विद्यार्थ्यांना संपूर्ण हंगामासाठी पुस्तके द्यावीत. एखादे हरवेल, एखादे फाटेल. पण कपाटात वाळवीने खाल्लेल्या पुस्तकाचा दंड कोण भरतो? आणि मित्रहो, आपणही गाईड क्षणभर बाजूला ठेवून एक तरी पुस्तक घरी न्यावे व मोठ्याने वाचावे. ऐकणाऱ्याला अक्षरओळख नसली तरी चालेल. खरे-खोटे त्याला बरोबर कळते, हा माझा अनुभव आहे.