'सत्य' या मथळ्याखालचे असत्य

वृत्तपत्रस्वातंत्र्य म्हणजे नेमके कोणाचे स्वातंत्र्य, असे आपण विचारले की भांडवलदारी वृत्तपत्रांचे कैवारी आपल्यावर हुकूमशाहीचा आरोप ठेवतात. या मंडळींनी लंडनच्या 'द सन' या दैनिकाचे १९ एप्रिल १९८९ चे पहिले पान एकदा नजरेखालून घालावे. 'सत्य' असा ठसठशीत मथळा आणि त्याखाली लिव्हरपूलच्या फुटबॉलप्रेमींवर तीन आरोप : त्यांनी मृतांचे खिसे कापले, पोलिसांच्या अंगावर लघवी केली आणि बेशुद्धाला श्वास देणाऱ्या शिपायाला मारले!

चारच दिवसांपूर्वी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर एफ. ए. कपचा उपान्त्य सामना होता. स्वस्त तिकिटांवर उभ्याने सामना पाहणारे प्रेक्षक लोखंडी जाळ्यांच्या कोंडवाड्यात चेंगरले. पुढे दगावलेले धरून मृतांचा आकडा ९७ झाला. सर्वांत लहान मुलगा दहा वर्षांचा होता. बाहेरचे फाटक उघडण्याचा हुकूम पोलीसप्रमुखाचा; प्रेक्षकांनी ते बळाने उघडले ही थापही त्याचीच. पोलिसांचे नियंत्रण कोसळले हेच मुख्य कारण, असे न्यायमूर्ती टेलर यांनी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नमूद केले.

मग ते 'सत्य' आले कोठून? दक्षिण यॉर्कशायरचे पोलीस आणि हुजूर पक्षाचे खासदार आयर्विन पॅटनिक यांच्याकडून, शेफील्डच्या एका वृत्तसंस्थेमार्फत. १९८४ साली ऑर्ग्रीव्ह येथे संपकरी खाणकामगारांवर घोडेस्वार सोडणारे हेच पोलीस. तेथील ९५ कामगारांवरचे खटले पुढच्या वर्षी न्यायालयात कोसळले. हिल्सबरोनंतर शिपायांच्या १६४ जबान्यांत फेरफार केल्याचे २०१२ साली स्वतंत्र समितीने उघड केले. इतर पत्रांनीही हे आरोप छापले, हे खरे. परंतु संपादक केल्विन मॅकेंझी यांनी त्यांना सत्याचा शिक्का मारला. याच मालकाच्या 'संडे टाइम्स'ने १९८५ साली फुटबॉल हा झोपडपट्टीतल्यांचा खेळ ठरवला होता. आपल्यातले जे कार्यकर्ते खेळाला अफू समजून नाक मुरडतात, त्यांनी ध्यानात घ्यावे की मालकवर्गाने प्रेक्षकांच्या त्या गर्दीत कामगारच पाहिला.

या पत्राची कुळकथा मोठी दुःखद आहे. 'सन'चा पूर्वज 'डेली हेरल्ड' १९११ साली लंडनच्या संपकरी मुद्रणकामगारांचे पत्रक म्हणून जन्मला. पुढे कामगार संघटनांच्या महासंघाची त्यात भागीदारी होती. १९६४ साली त्याचे नाव बदलले आणि १९६९ साली रूपर्ट मर्डॉक यांनी ते विकत घेतले. तरीही छापखान्यात जुने रक्त शिल्लक होते. मे १९८४ मध्ये खाणकामगारांचे नेते आर्थर स्कारगिल यांचा उंचावलेला हात हिटलरी सलामीसारखा दिसेल असे छायाचित्र आणि तसलाच मथळा पहिल्या पानासाठी तयार झाला. कामगारांनी त्याला हात लावण्यास नकार दिला. मालकाला छायाचित्र आणि मथळा या दोन्हींवाचून अंक काढावा लागला!

जानेवारी १९८६ मध्ये मर्डॉक यांनी एका रात्रीत छपाई वॉपिंगला हलवली आणि सुमारे साडेपाच हजार संपकरी कामगारांना काढून टाकले. वर्षभर लढून कामगार हरले. यंत्रे नवी आल्यामुळे हे अटळ होते, असे सांगण्यात येते. पण यंत्रांबरोबर आणखी काय गेले? १९८९ च्या त्या रात्री 'हे पान आम्ही छापणार नाही' असे म्हणणारे कामगार छापखान्यात उरले नव्हते. ते असते तर पान अडलेच असते, असे छातीठोकपणे सांगता येत नाही. पण पाच वर्षांपूर्वी त्यांनी एक पान अडवले होते, एवढे निश्चित.

छापखान्यात जे घडले नाही, ते लिव्हरपूलच्या रस्त्यावर घडले. लोकांनी अंक जाळले, विक्रेत्यांनी तो ठेवणे बंद केले. 'सन'ची संपूर्ण माफी पहिल्या पानावर यायला २०१२ साल उजाडावे लागले. एप्रिल २०१६ मध्ये ज्यूरीने हे मृत्यू बेकायदा मनुष्यहानीचे ठरवले आणि प्रेक्षकांना निर्दोष म्हटले. दुसऱ्या दिवशी 'सन'च्या पहिल्या पानावर त्या निकालाला जागा मिळाली नाही. २०१७ साली लिव्हरपूल आणि एव्हर्टन या परस्परांच्या हाडवैरी क्लबांनी 'सन'च्या वार्ताहरांना आपली दारे बंद केली. मर्सी नदीकाठच्या कित्येक दुकानांत आजही हे पत्र विकले जात नाही.