अंगावर फोड येणाऱ्या बाळाला चोळू नका

धाराशिव जिल्ह्याच्या आठही तालुक्यांतल्या आई-वडिलांना, आज्यांना, बाळंतिणीकडे न्हाऊ घालायला जाणाऱ्या मावश्यांना आणि आशाताईंना ही विनंती आहे.

बाळ झालं की आपल्याकडे तेल लावून चोळणं आलं, शेक आला, कमरेला करगोटा आला, हातात मनगट्या आल्या. बहुतेक बाळांना यातलं काही बाधत नाही. पण एखाद्या बाळाला जिथे हात घासला तिथेच पाण्याचा फोड उठतो, करगोट्याखाली कातडी सोलवटते, दूध पितानाही तोंडात फोड येतात. मग घरात चर्चा सुरू होते. भाजलं असेल, नागीण असेल, देवीचा कोप असेल; नाहीतर ग्रहणात आईने काहीतरी चिरलं असेल. बोल शेवटी बाळंतिणीलाच.

या आजाराला एपिडर्मोलायसिस बुलोसा म्हणतात. डॉक्टर थोडक्यात ‘ईबी’ म्हणतात. कातडीचे थर एकमेकांना धरून ठेवणारी प्रथिनं असतात आणि ती कशी बनवायची हे जनुकात ठरलेलं असतं. त्या जनुकातच बिघाड असला की साध्या घर्षणानेही थर सुटतात. केराटिनचं जनुक बिघडलं तर बहुधा सौम्य प्रकार होतो. त्यात तळहात-तळपायांवर फोड येतात आणि उन्हाळ्यात ते वाढतात. कोलॅजेन सातचं बिघडलं तर फोडांचे व्रण राहतात. त्याच्या तीव्र प्रकारात बोटं एकमेकांना चिकटतात, अन्ननलिका आवळते आणि मोठेपणी जखमांच्या जागी कर्करोगाचा धोका राहतो. हा आजार शिवाशिवीने पसरत नाही. अशा मुलाला अंगणवाडीत किंवा शाळेत वेगळं बसवणं हा निव्वळ अन्याय आहे.

आता सुनेला बोल लावणाऱ्यांसाठी. काही प्रकारांत आई आणि बाप दोघांकडेही एकेक बिघडलेलं जनुक असतं आणि दोघेही धडधाकट असतात. अशा जोडप्याच्या प्रत्येक बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. पहिलं बाळ आजारी निघालं म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशेब इथे नसतो. दुसऱ्या प्रकारांत आई-बापांपैकी एकालाच आजार असतो आणि प्रत्येक बाळामागे शक्यता दोनात एक असते. कधी दोघांकडेही काही नसताना बाळातच नवा बिघाड होतो. मामाच्या किंवा आत्याच्या मुलीशी लग्न आपल्या भागात नवं नाही, आणि नात्यातल्या दोघांकडे तोच बिघाड असण्याची शक्यता जास्त असते. ज्या घराण्यात असं बाळ झालंय, त्यांनी तरी नात्यात सोयरीक जमवण्याआधी डॉक्टरांशी बोलावं.

अमेरिकेतल्या नोंदींवरून दर दहा लाख लोकांमागे साधारण अकरा रुग्ण धरले जातात. 2011 च्या जनगणनेत आपला जिल्हा साडेसोळा लाखांचा होता. त्या मापाने इथे पंधरा-वीस माणसं तरी असावीत. ती कुठल्या वस्तीवर, कुठल्या ऊसतोड टोळीत आहेत, याचा शोध आशाताईंनाच लागू शकतो.

असं बाळ दिसलं तर चोळणं त्याच दिवशी थांबवा. करगोटा, वाळे, मनगट्या काढा, कान टोचू नका. काखेत हात घालून उचलू नका. ढुंगणाखाली आणि मानेखाली हात देऊन उचला. चिकटपट्टी लावू नका, ती काढताना कातडीही निघते. अंगडं उलटं घाला, म्हणजे शिवण बाहेर राहील. मोठा फोड स्वच्छ सुईने खालच्या बाजूला टोचून पाणी काढतात आणि वरची कातडी तशीच ठेवतात. हे मात्र डॉक्टर किंवा सिस्टरकडून शिकून घ्या. शेण, हळद, राख, झाडपाला जखमेवर नको. थोड्या मोठ्या मुलाला कडक भाकरी न देता दुधात कुस्करून द्या.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येतं, त्यांना बाळ दाखवा. धाराशिवला 2022 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, सोलापूर आणि लातूरही जवळ आहेत. दुर्मीळ आजारांसाठी केंद्र सरकारने नेमलेल्या केंद्रांत मुंबईचं केईएम रुग्णालय आहे. अमेरिकेत मे 2023 मध्ये जखमेवर लावायच्या जनुकीय जेलला परवानगी मिळाली, पण त्याची किंमत आपल्या आवाक्यातली नाही. नेमकं निदान आणि जखमेची निगा मात्र आवाक्यात आहे.

पुढचं मूल हवं असेल तर आधी आजारी मुलाची जनुकीय तपासणी करून घ्या. बिघाड नेमका कळला, तरच पुढच्या गरोदरपणात साधारण अकराव्या आठवड्यापासून वारेचा अंश घेऊन गर्भाची तपासणी करता येते. गर्भलिंग निदानाला बंदी घालणारा कायदा नोंदणीकृत केंद्रात होणाऱ्या या तपासणीला मनाई करत नाही. मुलाच्या तपासणीचा कागद जपून ठेवा; पुढच्या वेळी डॉक्टर तोच आधी मागतील.