देशोदेशींचे लोक : घंटेच्या हाकेतला इटली

गेल्या पावसाळ्यात खानापुराकडील एका वाचक भगिनीने आम्हांस विचारले होते, "मुलगा कामासाठी इटलीस निघाला आहे. तिकडे कोणी जेवावयास बोलावले तर रिकाम्या हाताने कसे जावे? शेवंतीची फुले नेली तर चालतील ना?" प्रश्न घरगुती खरा, परंतु त्याचे उत्तर देता देता एका देशाचा स्वभावच सांगावा लागतो, म्हणून ते येथे विस्ताराने देत आहोत.

शेवंती मुळीच नेऊ नये. आपल्याकडे जी वेदीवर, वेणीत आणि दारावरच्या माळेत शोभते, ती इटलीत मृतांची मानली जाते. २ नोव्हेंबर रोजी, मृतांच्या स्मरणदिनी, तिकडची कुटुंबे शेवंतीच्या कुंड्या घेऊन दफनभूमीत जातात. तेच फूल यजमानिणीच्या हाती ठेवले तर तिच्या मनात काय येईल, हे सांगावयास नको. मिठाईच्या दुकानातून सुबक बांधून घेतलेला गोड पदार्थांचा पुडा न्यावा. रविवारच्या जेवणास जाताना इटालियन माणूस स्वतःही हेच करतो. यजमानाने दार सताड उघडून "या, या" म्हटले, तरी उंबरठा ओलांडताना "पेर्मेसो?" म्हणजे "येऊ का?" असे विचारावयाचे. दुपारच्या जेवणानंतर दूध घातलेली काप्पुचीनो मागू नये, ती सकाळची वस्तू होय. पाव ताटाशेजारी उलटा ठेवू नये. थोरल्या आजीबाई तो न बोलता सुलटा करतील. आणि आजीने दुसऱ्यांदा वाढले तर पोट भरल्याची सबब फारशी चालत नाही, यात आपल्या आज्यांचे व त्यांचे गोत्र एकच दिसते.

संबोधनाची गोष्ट आमच्या वाचकांस विशेष सोपी जाईल, कारण मराठीत आपण 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' यांचा तोल लहानपणापासून सांभाळतो. इटालियनांचे 'तू' आपल्या 'तू'सारखेच, उच्चारानेही. मानाचे संबोधन मात्र 'लेई'. या शब्दाचा मूळ अर्थ 'ती'! अनोळखी पुरुषासही आदराने 'ती' म्हणावयाचे, हे ऐकून प्रथम हसू येते. मुसोलिनीच्या राजवटीला हे बायकी व परकी वाटले, म्हणून १९३८ साली तिने 'लेई' वर्ज्य करून 'व्होई' वापरण्याचा हुकूम काढला. राजवट गेली आणि 'लेई' परत आली. दक्षिणेकडे वडीलधाऱ्यांस 'व्होई' म्हणण्याची रीत मात्र त्या हुकमाच्या पूर्वीची होती, ती काही ठिकाणी अजूनही आहे. लोकांच्या जिभेवरची अदब हुकमाने येत नाही, आणि जातही नाही.

परंतु 'इटालियन माणूस' असे आपण म्हणतो, तो आहे तरी कोण? देश प्राचीन असला तरी राष्ट्र अगदी अलीकडचे आहे. इटलीचे राज्य १८६१ साली जाहीर झाले. रोम १८७० साली त्यात आले, तेही पोपमहाशयांकडून बळाने घेऊन. त्यामुळे राज्य व धर्मपीठ यांच्यात जो अबोला पडला तो १९२९ च्या लॅटरन कराराने सुटला. १९४६ च्या जूनमध्ये राजा हवा की प्रजासत्ताक, असे मत घेतले गेले. राष्ट्राच्या अशा मतदानात स्त्रिया प्रथमच सहभागी झाल्या. प्रजासत्ताक जिंकले, पण उत्तरेने त्यास कौल दिला तर दक्षिणेने राजास.

भाषेचे तर याहून नवल. राज्य एक झाले तेव्हा इटालियन बोलणारे शंभरांत दहाही नव्हते. प्रत्येक प्रांताची बोली वेगळी, आणि व्हेनिसचा कोळी व सिसिलीचा शेतकरी एकमेकांस परके. शाळा, सैन्य आणि शेवटी दूरचित्रवाणी यांनी ती भाषा घरोघर नेली. १९६० ते १९६८ या काळात आल्बेर्तो मांझी नावाचे एक शिक्षक दूरचित्रवाणीवरून निरक्षर प्रौढांस अक्षरे शिकवीत. हातातल्या कोळशाने ते कागदावर झरझर चित्र काढीत, आणि ज्यांच्या घरी यंत्र नव्हते ती म्हातारी माणसे एकत्र जमून वह्या उघडून बसत. लक्षावधी लोक असे लिहावाचावयास शिकले.

एवढे होऊनही इटालियन माणसास "कुठला?" म्हणून विचारले तर तो आधी आपल्या गावाचे नाव सांगतो. चर्चच्या घंटेच्या मनोऱ्यास तिकडे 'कांपानीले' म्हणतात, आणि त्यावरूनच आपल्या गावाच्या अभिमानास 'कांपानिलीझ्मो' हा शब्द झाला आहे. जेथवर आपल्या मनोऱ्याची घंटा ऐकू येते तेथवर आपला मुलूख. प्रत्येक शहराचा आश्रयदाता संत निराळा आणि त्याच्या सणाची सुट्टीही निराळी : मिलानला ७ डिसेंबरला संत अँब्रोज, नेपल्सला १९ सप्टेंबरला संत जेन्नारो, फ्लॉरेन्सला २४ जूनला बाप्तिस्मा देणारा संत योहान. १५ ऑगस्टला मात्र सारा देश एकदम बंद असतो; तो दिवस स्वर्गोन्नयनाचा, आणि सम्राट ऑगस्टसच्या नावाची जुनी रोमन सुट्टीही त्यातच मिसळली आहे.

सिएना शहरात तर हा अभिमान मनोऱ्यावरून गल्लीत उतरला आहे. तेथे सतरा मोहल्ले आहेत. प्रत्येकाचा झेंडा वेगळा आणि प्रार्थनामंदिरही वेगळे. २ जुलै व १६ ऑगस्टला शहराच्या चौकात घोड्यांची शर्यत होते, खोगिरावाचून. शर्यतीच्या दिवशी मोहल्ल्याचा घोडा चक्क चर्चमध्ये आणून त्यास आशीर्वाद देतात. स्वार वाटेत पडला आणि घोडा एकटा पहिला आला, तरी जय त्या मोहल्ल्याचाच! नवराबायको वेगवेगळ्या मोहल्ल्यांची असली तर त्या दिवसांपुरती ती आपापल्या माहेरची होतात, असे म्हणतात.

आता ज्या कारणासाठी आम्ही हे लिहावयास बसलो त्याकडे वळू. घंटा आहे, पण ती ऐकणारी माणसे उणावत आहेत. १९६४ साली इटलीत दहा लाखांहून अधिक मुले जन्मली. २०२२ साली हा आकडा राज्यस्थापनेनंतर प्रथमच चार लाखांच्या खाली आला. डोंगरातील कित्येक गावांत शाळा मिटल्या आहेत. हा देश एके काळी स्वतःच माणसे परदेशी धाडीत असे : १८७६ पासूनच्या शंभर वर्षांत अडीच कोटींहून अधिक इटालियन पोटासाठी बाहेर पडले. ८ ऑगस्ट १९५६ रोजी बेल्जियममधील मार्सिनेलच्या कोळशाच्या खाणीत २६२ माणसे आगीत सापडून मेली, त्यांपैकी १३६ इटालियन होती.

आज त्याच इटलीत बाहेरची माणसे कामास येतात, आणि त्यांत आपलीही आहेत. पो नदीच्या सपाट प्रदेशात ब्रेशेल्लो नावाचे गाव आहे. ग्वारेस्की या लेखकाचा डॉन कामिल्लो, क्रुसावरील ख्रिस्ताशी बोलणारा व कम्युनिस्ट नगराध्यक्षाशी भांडणारा तो पाद्री, चित्रपटात ज्या गावी वावरला तेच हे गाव. त्याच जिल्ह्यात नोव्हेल्लारा येथे २००० सालापासून शिखांचा मोठा गुरुद्वारा उभा आहे. ज्या दुधाचे नामांकित पार्मिजानो चीज होते, त्यातले पुष्कळ दूध पंजाबी हात पहाटे काढतात. सर्वत्र असे गोड चित्र नाही. जून २०२४ मध्ये रोमच्या दक्षिणेस लातीना जिल्ह्यात एका भारतीय शेतमजुराचा हात यंत्रात तुटला. त्यास इस्पितळात न नेता त्याच्या घरापाशी टाकून देण्यात आले, आणि दोन दिवसांनी तो मरण पावला. "येऊ का?" म्हटल्यावाचून ज्या देशात कोणी कोणाच्या घरात शिरत नाही, त्या देशात हे घडले. हजारो मजूर त्यानंतर रस्त्यावर आले, आणि त्यांच्याबरोबर इटालियनही होते.

खानापूरच्या त्या भगिनीचा मुलगा पोहोचून आता वर्ष होत आले. तो एका म्हातारीच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहतो. त्याने आईस कळविले की पहिल्याच रविवारी तिने त्याला खाली जेवावयास बोलावले. तो पुडा घेऊन गेला, उंबरठ्यावर "पेर्मेसो?" म्हणाला आणि काप्पुचीनो मागितली नाही. म्हातारीने पगार विचारला नाही की जातपात. तिने विचारले, तुमच्या गावचा संत कोणता आणि त्याचा दिवस कधी येतो? संत फ्रान्सिस झेवियर, ३ डिसेंबर, असे त्याने सांगितले. तिने उठून चष्मा शोधला आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर त्या तारखेपुढे पेन्सिलीने त्याचे नाव लिहिले.