आयएसटी म्हणजे नक्की कुणाची वेळ?

टाइम झोनची स्ट्रिंग कळली नाही तर लायब्ररीनं बोंब मारावी. माझं एवढं साधं मागणं आहे. पण आमच्या धंद्यात गुपचूप अंदाज ठोकण्यालाच हुशारी म्हणतात.

जावाचंच घ्या. तिथल्या जुन्या टाइमझोन क्लासला 'एशिया/मुंबई' द्या. असा झोन यादीतच नाही, आपला 'एशिया/कोलकाता'. मग एक्सेप्शन येतं? छे! निमूटपणे जीएमटी हातात ठेवतो. साडेपाच तासांचा घोळ, आणि लॉगमध्ये चकार शब्द नाही. वर हे डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय, म्हणजे बग नाहीच म्हणे! २०१४ साली जावा ८ मध्ये झोनआयडी आला, तो अशा नावाला सरळ एक्सेप्शन फेकतो. पण जुना क्लास अजून आहेच, आणि त्याच्यावर उभा असलेला जुना कोडही.

आता 'आयएसटी'. आपल्याला वाटतं ही आपलीच मक्तेदारी. पण इस्रायलची हिवाळ्यातली वेळ आयएसटी, आयर्लंडची उन्हाळ्यातली पण आयएसटी. पोस्टग्रेसच्या डिफॉल्ट यादीत आयएसटी म्हणजे इस्रायल, यूटीसीच्या दोन तास पुढे. सेशन यूटीसीवर असलं आणि तुम्ही '१०:०० आयएसटी' दिलंत, की नोंद होते ती आपल्या दुपारी दीडची. (भारतासाठी वेगळी यादी आहे, पण ती आठवणीनं सेट करायची कुणी?) २०२५ मध्ये आलेल्या आवृत्ती १८ पासून आधी सेशनचा झोन बघितला जातो. म्हणजे तीच स्ट्रिंग कोलकाता सेशनमध्ये भारताची, यूटीसी सेशनमध्ये इस्रायलची. वा रे वा!

"एरर दाखवली तर युजर वैतागतो", हे उत्तर ठरलेलं. अहो, डॉक्टरची अपॉइंटमेंट हुकलेला पेशंट काय आरती ओवाळणार आहे? एरर दिसली तर दुरुस्त तरी करता येते. पोस्टग्रेसच्या 'टाइमस्टॅम्प विथ टाइम झोन' कॉलममध्ये नाव काहीही असो, झोन साठवलाच जात नाही, फक्त तो क्षण राहतो. महिन्यानंतर कुठल्या ओळीत इस्रायल घुसलाय, हे शोधणार कसं?

म्हणून रिव्ह्यूमध्ये 'आयएसटी' दिसला की मी कोड परत पाठवतो. होऊन गेलेल्या घटनेला '+०५:३०' चालेल. पण पुढच्या वर्षी कैरोवाल्यांशी मीटिंग असेल तर 'आफ्रिका/कैरो' असं पूर्ण नावच ठेवा. इजिप्तनं बंद केलेलं डेलाइट सेव्हिंग २०२३ मध्ये परत सुरू केलं, तेव्हा आकडा लिहून बसलेल्यांचे उन्हाळ्यातले कॉल तासभर सरकले.