बोटीवरचे धुणे



संत्र्याचा आंबिया बहार तोडून झाला आणि चार पैसे हाती आले, की पूर्वी घरातली वडीलधारी मंडळी शेगाव, पंढरपूर, फार तर काशी करून येत. आता मुले शहरात नोकरीला लागली आहेत. ती म्हणतात, "आईबाबा, एकदा समुद्राची सफर करून या." सप्टेंबर २०२१ मध्ये कॉर्डेलिया कंपनीची 'एम्प्रेस' ही प्रवासी बोट मुंबईहून सुटू लागली. तेव्हापासून आपल्या भागातही 'क्रूझ' हा शब्द कानांवर येऊ लागला आहे. मध्यंतरी एका महिला मेळाव्यात पिकांवरचे प्रश्न संपल्यावर एका बाईंनी विचारले, "साहेब, बोटीवर धुणे कुठे धुतात? अन् वाळत कुठे घालतात?" बाकीच्या बाया हसल्या. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. जिने जन्मभर घराचे धुणे धुतले, तिला हाच प्रश्न आधी सुचणार. म्हणून या वेळी पिकांना थोडी विश्रांती देऊन धुण्याबद्दल बोलू.

प्रथम पाण्याचे पाहू. चहूकडे समुद्र असला तरी त्या पाण्यात कपडे धुता येत नाहीत. एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. साबणाचा फेस होत नाही, उलट दह्यासारख्या गुठळ्या होतात. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातील भगिनींना हे वेगळे सांगायला नको. समुद्राचे पाणी त्याच्या कितीतरी पट खारट. म्हणून बोटीवर गोडे पाणी तयार करतात. एक रीत अशी की इंजिनाची वाया जाणारी उष्णता वापरून, कमी दाबाखाली पाणी उकळायचे आणि वाफ थंड करून घ्यायची. दुसरी रीत आपल्या गावातल्या आरओ यंत्राची, फक्त आकाराने फार मोठी. काही पाणी बंदरातही भरून घेतात. असे तयार केलेले पाणी मऊ असते, त्यात साबण चांगला फेसाळतो. पण ते तयार करायला इंधन लागते. विहिरीवर मोटर चालवली की विजेचे बिल येते, तसेच हे. बोटीवर धुलाईला पैसे पडतात त्याचे एक कारण हे, आणि दुसरे कारण माणसांची मेहनत.

आता कपडे द्यायची पद्धत. खोलीच्या कपाटात एक पिशवी आणि एक छापील कागद ठेवलेला असतो. कागदावर शर्ट, पॅन्ट, पायजमा, झगा अशी नावे आणि प्रत्येकापुढे दर छापलेला असतो. किती नग दिले ते लिहायचे, खोलीचा क्रमांक टाकायचा, सही करायची आणि पिशवी खोलीची व्यवस्था पाहणाऱ्या माणसाकडे द्यायची. कपडे साधारण एका-दोन दिवसांत घडी होऊन परत येतात. त्याच दिवशी हवे असतील तर जास्त दर पडतो. पैसे रोख द्यायचे नसतात. ते खोलीच्या खात्यावर चढतात आणि उतरताना एकदम हिशेब होतो. इथेच माणूस फसतो. रोख मोजून द्यावे लागले तर हात आखडतो, खात्यावर लिहिले जाते तेव्हा आखडत नाही. कृषी केंद्रावरच्या उधारीचा अनुभव ज्यांना आहे, त्यांना हे नीट समजेल. म्हणून पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

एक, पिशवी भरण्याआधी दर वाचावेत. परदेशी बोटीवर दर डॉलरात असतात, त्यांचे रुपये करून पाहावेत. गावच्या परटाच्या दराशी तुलना करून जीव जाळू नये, पण आकडा ठाऊक असावा. इंग्रजी वाचता येत नसेल तर मुलाकडून निघण्यापूर्वीच समजून घ्यावे, किंवा बोटीच्या स्वागतकक्षात विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही.

दोन, नग मोजून कागदाची प्रत स्वतःजवळ ठेवावी. कापूस घालताना काटा आपण डोळ्यांनी पाहतो, तसेच हे. कपडे परत आल्यावर लगेच मोजावेत. उतरून घरी आल्यावर हरवलेल्या सदऱ्याची तक्रार करून फारसे हाती लागत नाही.

तीन, शेवटच्या दिवसाचे भान ठेवावे. बहुतेक मोठ्या बोटींवर उतरण्याच्या आदल्या रात्री सामान खोलीबाहेर ठेवायचे असते. त्या बेताने कपडे आधीच परत यायला हवेत. शिवाय एक जोड नेहमी हाताशी ठेवावा.

चार, काही बोटींवर एक पिशवी भरून कपडे ठरावीक रकमेत धुऊन देण्याची सवलत एखाद्या दिवशी असते. लांबच्या सफरीत तिची वाट पाहणे परवडते.

काय द्यावे आणि काय देऊ नये, हे त्याहून महत्त्वाचे. बोटीवर कपडे उन्हात वाळत नाहीत, गरम हवेच्या यंत्रात वाळतात. आपला सुती कपडा त्या उष्णतेत आटतो. नवा खादीचा सदरा दिला तर परत आल्यावर तो नातवाला होईल. रेशमी किंवा जरीचे पातळ, करवती काठाची टसर साडी, पैठणी यांना तिकडे पाठवूच नये. पहिल्यांदा धुवायचे गडद रंगाचे लुगडे घरीच दोनदा धुऊन न्यावे, नाहीतर एकाच्या रंगाने दुसऱ्याचा पांढरा सदरा गुलाबी होईल. हळदीच्या डागाचेही सांगतो. साबण लागला की हळद लाल होते आणि माणूस घाबरतो. साबणातल्या अल्कलीने रंग तसा बदलतो, एवढेच. घरी तो डाग उन्हात उडून जातो; यंत्रात ऊन नसते, तेव्हा डाग राहू शकतो.

खिसे तपासायला विसरू नये. खर्ऱ्याची पुडी, चुन्याची डबी, पेन आणि काड्यापेटी या चार वस्तू आपल्याकडच्या पुरुषांच्या खिशात हमखास सापडतात. पहिल्या तीन वस्तू कपडे खराब करतात. चौथी आग लावते.

आगीचे मी उगाच बोलत नाही. कापूस जिनात नेणाऱ्यांना ठाऊक आहे की गठाण सावकाश पेटते, पण हवेत उडून भिंतीला चिकटलेली कापसाची लव क्षणात भडकते. कपडे वाळवणाऱ्या यंत्रातूनही अशीच लव निघते आणि हवेच्या नळ्यांत साठते. २० जुलै १९९८ रोजी कार्निव्हल कंपनीची 'एक्स्टसी' ही प्रवासी बोट अमेरिकेतील मायामी बंदरातून नुकतीच निघाली होती. तिच्या धुलाईखान्यात कर्मचारी परवानगीशिवाय वेल्डिंग करत होते. ठिणगी पडली, नळ्यांत साठलेली लव पेटली आणि आग बोटीच्या मागच्या भागात पोचली. सुदैवाने कोणी दगावले नाही, पण चौकशीत हेच कारण पुढे आले. प्रवाशांना खोलीत इस्त्री आणू देत नाहीत, तीही आगीच्याच धास्तीने. बॅगेत इस्त्री सापडली तर ती काढून घेतात आणि सफर संपल्यावर परत देतात. त्यात अपमान मानू नये. समुद्रात आग लागली तर पळायला बांध नसतो.

"पण साहेब, आम्ही आमचे आम्हीच धुतले तर?" असे बायामाणसे विचारतील. काही बोटींवर तशी सोय असते. क्युनार्ड कंपनीच्या 'क्वीन मेरी २' या बोटीवर प्रवाशांनी स्वतः कपडे धुण्यासाठी यंत्रे ठेवलेली आहेत. रॉयल कॅरिबियनच्या बोटींवर मात्र अशी सोय नसते. म्हणून तिकीट काढतानाच विचारून घ्यावे. खोलीच्या न्हाणीत रुमाल, बनियन, झंपर असे बारीकसारीक धुऊन घ्यायला हरकत नाही. पुष्कळ बोटींवर तिथे ओढून लावायची दोरीही असते. धुतलेला कपडा कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावा, पाणी टॉवेल पिऊन घेतो. जाड धोतर किंवा नऊवारी धुण्याच्या भरीस पडू नये. सुती धागा पाणी धरून ठेवतो आणि बंद खोलीत ते दोन दिवस वाळत नाही, कुबट वास मात्र येतो. सज्जाच्या कठड्यावर कपडा घालू नये. समुद्रावरचा वारा तो घेऊन जाईल, आणि नियमातही ते बसत नाही.

मुंबईहून दोन-तीन रात्रींचीच सफर असेल तर धुलाईच्या भानगडीत पडायचे कारण नाही. नागपूरहून रेल्वेने एक रात्र जाताना, एक येताना, हे धरून कपडे मोजावेत. मळलेले कपडे ठेवायला एक वेगळी कापडी पिशवी न्यावी आणि धुणे घरी आणावे. आठ-दहा दिवसांची सफर असेल तेव्हाच हा हिशेब करावा.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगायची आहे. हा धुलाईखाना सहसा बोटीच्या खालच्या मजल्यावर असतो, जिथे खिडकीही नसते. वर प्रवासी सूर्यास्त पाहतात, खाली माणसे चादरी, टॉवेल, गणवेश धुतात. गोवा-कोकणातली माणसे पिढ्यान् पिढ्या बोटींवर नोकऱ्या करत आली आहेत. ब्रिटिश आरमाराच्या बोलीत तर कपडे धुण्याला 'धोबी' हाच शब्द रूढ झाला आणि धुण्याच्या पावडरीला 'धोबी डस्ट' म्हणू लागले. आपल्याकडचा शब्द जगभर फिरला, पण त्या कामाचा मान फारसा वाढला नाही. परटाच्या घरी जन्मलेल्या गाडगेबाबांच्या विदर्भातले आपण. धुतलेली पिशवी परत आणून देणाऱ्या माणसाशी दोन शब्द गोड बोलावेत.

आता या सगळ्यातून घरी काय आणायचे ते सांगतो. बोटीवर स्वयंपाकघरातले कपडे, इंजिनाजवळच्या माणसांचे तेलकट कपडे आणि प्रवाशांचे कपडे एकत्र धूत नाहीत. ओकारी-हगवणीचा रोगी असेल तर त्याचे कपडे वेगळ्या पिशवीत बांधून नेतात. आपण काय करतो? फवारणी करून आलेल्या माणसाचा सदरा त्याच बादलीत, त्यातच लेकराचे झबले. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. विष कातडीतूनही शरीरात शिरते. भिजलेला सदरा अंगावर राहिला तर घालणाऱ्याला, आणि उघड्या हातांनी धुतला तर धुणारीलाही धोका असतो.

तेव्हा फवारणीचे कपडे घरात नेऊ नयेत, बाहेरच उतरवावेत. त्यांची बादली वेगळी ठेवावी, तिच्यावर रंगाने खूण करावी. कपडे त्याच दिवशी धुवावेत. हातात रबरी मोजे घालावेत. आधी नुसत्या पाण्याने खळबळून, मग गरम पाणी आणि साबणाच्या पावडरीने दोनदा धुवावेत आणि कडक उन्हात वेगळ्या दोरीवर वाळवावेत. पाणी विहिरीपासून, नाल्यापासून आणि गुरांच्या हौदापासून दूर ओतावे. घट्ट औषध सांडून भिजलेला कपडा धूत बसू नये, तो टाकूनच द्यावा. आणि शक्यतो ज्याने फवारले त्यानेच ते कपडे धुवावेत.

बोटीवर जाण्याचा योग येईल तेव्हा येईल. वेगळी बादली मात्र आजच घेता येते.